'नाही'ला जागा ठेवून

वरवट बकाल
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रसेनजित,

जय भीम.

अक्षर ओळखलं असशील. वळण तेच आहे, जोर राहिला नाही. फोन करता आला असता, तुझा नंबर तुझ्या सुवर्णावहिनीकडे आहे. पण फोनवर मी बोलायला लागलो की तू गप्प बसतोस, आणि तू गप्प बसलास की मी आणखी बोलतो. ते आता झेपत नाही.

प्रकृतीचं आधी उरकतो. गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. पहिल्या गाडीने शेगाव, तिथून खामगाव, दुपारभर हाताला नळ्या लावून पडायचं आणि संध्याकाळी परत. आपल्या खारपाणपट्ट्यात, जन्मभर विहिरीचं खारं पाणी पिणाऱ्यांत, ही काही बातमी नाही. केंद्रावर आम्ही एकमेकांना वाराने ओळखतो. मी मंगळ-शुक्रवाला. वार बदलून कुणी आमच्यात आला तर त्याला पाहुणा म्हणतो. परतल्यावर बोलायचं त्राण नसतं. ज्याचं भाषण वेळेत संपत नाही म्हणून पोलीस माईकची वायर काढायला यायचे, तो आता घोटभर पाणी हवं असेल तर बायकोला खुणेने सांगतो.

डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलतात. म्हणाले, सर, हे असं किती वर्षं ओढणार, दुसरी किडनी बसवायचा विचार करा. सुवर्णाने लगेच हात पुढे केला, पण तिला साखर आहे, तिची चालत नाही. मूलबाळ आम्हाला नाही हे त्यांना सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं, सख्खं कुणी? मी म्हणालो, एक धाकटा भाऊ आहे, नागपूरला. त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मी भिंतीवरचा पंखा पाहत बसलो.

हे पत्र त्यासाठी नाही. तसं स्पष्ट लिहून ठेवतो.

आपल्यात जे झालं त्याबद्दलही नाही. ज्या पुढाऱ्याच्या विरोधात मी या जिल्ह्यातल्या प्रत्येक चौकात बोललो, त्याची भाषणं तू पगार घेऊन लिहायला लागलास. तेव्हा मी जे म्हणालो ते आजही म्हणतो. त्यात एक शब्द कमी करणार नाही. तूही करणार नाहीस. तेव्हा तो विषय जिथे आहे तिथे राहू दे.

लिहितो आहे ते एक गंमत सांगायला. ती पुरती कळेल असं दुसरं माणूस मला ठाऊक नाही.

मी विहारात वर्ग चालवतो. रविवारी आणि बुधवारी, दुपारी जेवणं झाली की. फोनमधल्या त्या एआयला प्रश्न कसा विचारायचा, एवढंच शिकवायचं. सुरुवात रुपालीने केली. ती माळ्यांची मुलगी, इथल्या बचत गटाची सचिव. गटातल्या बायका त्याला काहीबाही विचारायच्या, ते काहीबाही सांगायचं, आणि बायका ते खरं धरून चालायच्या. ती माझ्याकडे आली. सर, तुम्ही भाषा शिकवली आयुष्यभर, हे भाषेचंच काम आहे. मी आधी नाही म्हणालो. मग वाटलं, आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या प्रश्न विचारू दिला नाही. आता खिशात असं यंत्र आलं आहे की जे प्रश्न विचारला म्हणून कुणाला हाकलत नाही, आणि आपण त्याच्यापुढेही मान खाली घालून बसायचं? बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून तरी असं होऊ नये. हो म्हणालो.

पहिल्या दिवशी रुपालीने फोन विहारातल्या टीव्हीला जोडला. पंधरा-वीस माणसं. पुढे रंगराव बसलेला, पायावर पाय टाकून. त्याची कपाशी लाल पडली होती, अळी पडली असं त्याचं म्हणणं. मी फोन हातात घेतला आणि तूच सांग, माईकसारखी वस्तू हातात आल्यावर माझं काय होतं. मी म्हणालो, या काळ्या मातीत घाम गाळणाऱ्या, पिढ्यान् पिढ्या नागवल्या गेलेल्या कष्टकऱ्याच्या पांढऱ्या सोन्यावर हे जे संकट कोसळलं आहे, त्यावर तुझ्याजवळ काही उत्तर आहे काय?

होतं. टीव्ही भरून उत्तर होतं. शेतकऱ्याचा घाम, धोरणांची उदासीनता, एकजुटीची गरज. शेवटी लढा देण्याचं आवाहन. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

रंगराव म्हणाला, "सर, हे त तुमच्यावानीच भाषण देऊन राह्यलं. अळी राह्यली बाजूलेच."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

मग त्याने स्वतः फोन घेतला आणि विचारलं, कपाशीवर काय फवारू. त्यावर औषधांची एवढी मोठी यादी आली की ती सगळी फवारली असती तर शेतात रंगरावही उरला नसता. तिसऱ्यांदा मी त्याला बसवून विचारत गेलो आणि तो सांगत गेला. कोरडवाहू, काळी जमीन, पेरा कधीचा, पानं कडेने लाल होतात की मधून, अळी डोळ्यांनी पाहिली की नुसता संशय, आधी काय फवारलं. ते सगळं साध्या वाक्यांत घातलं आणि शेवटी एक ओळ जोडली: खात्री नसेल तर तसं सांग, आणि मला आणखी काय पाहावं लागेल तेही सांग. या वेळी उत्तर छोटं आलं. ते म्हणालं की हे अळीचंच असेल असं नाही, पानं लाल पडायला जमिनीतली कमतरताही कारण असते. चार बोंडं फोडून आत पाहा, मग ती घेऊन कृषी सहायकाला दाखवा, त्याआधी फवारू नका.

रंगरावाने टीव्हीजवळ जाऊन ते पुन्हा वाचलं. मग मला म्हणाला, हे पहिल्यांदाच काऊन नाही सांगितलं त्यानं? मी म्हणालो, पहिल्यांदा आपण हे विचारलंच नव्हतं.

हे वाक्य मी किती सहज बोललो. घरी येईपर्यंत ते माझ्या मागे मागे आलं.

सुवर्णा सांगते म्हणून लिहितो: जेवण वेळेवर घेत जा.

शंकरदादा

---

वरवट बकाल
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रसेनजित,

जय भीम.

तुझा निरोप सुवर्णाच्या फोनवर आला. "दादाले इचार, अळीचं काय झालं." एवढाच. तिने तो मला वाचून दाखवला, मग पुन्हा एकदा दाखवला, मग शेजारच्या बाईलाही दाखवला. नागपुरात राहून तू अजून 'दादाले' म्हणतोस हे तिला फार आवडलं. अळी नव्हती. कृषी सहायकाने बोंडं पाहिली आणि मॅग्नेशियम सांगितलं. रंगराव आता गावभर सांगतो की फवारणीचा खर्च आपणच वाचवला.

पुढचा धडा त्याच्याच सोयाबीनवर झाला. त्याने विचारलं, सोयाबीन आता विकून टाकलेलं बरं ना? उत्तर आलं, हो, योग्य विचार आहे, साठवणुकीत घट येते, भाव पडू शकतो. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी फोन रुक्मिणीबाईंकडे दिला. त्या रुपालीच्या चुलती, वांगी-मिरची लावतात, एकट्याच राहतात. नवं संभाषण उघडून त्यांना उलटं विचारायला सांगितलं. सोयाबीन आता ठेवून दिलेलं बरं ना? उत्तर आलं, हो, योग्य विचार आहे, पुढे भाव वाढू शकतो.

"हे त आमच्या जावायासारखं हाय," रंगराव म्हणाला. "पोरीलेही हो म्हणते, मायलेही हो म्हणते, अन् करते आपल्याच मनाचं."

मग मी फळ्यावर लिहिलं की प्रश्नाच्या शेवटी 'ना' आला की उत्तर आपणच देऊन बसलेलो असतो. यंत्राला आपल्याला खूश ठेवायची खोड आहे. त्याला दोन्ही बाजू विचारा. आपलं मन कुठे झुकलं आहे ते त्याला कळू देऊ नका. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

लिहिता लिहिता तुझी आठवण आली. चौदा एप्रिलच्या सभा आठव. मी विचारायचो, हा अन्याय आपण सहन करणार आहोत काय? आणि तू मागच्या बाजूला, पानटपरीजवळ उभा राहून पहिला 'नाही' ओरडायचास. मग सगळं मैदान ओरडायचं. आपण दोघांनी ते बसवलं होतं. तू नववीत असशील. त्यात मला आजही काही चूक वाटत नाही. ज्यांच्या तोंडून कधी आवाज निघाला नव्हता त्यांना पहिला आवाज कुणीतरी द्यावाच लागतो. पण माझ्या प्रश्नाला दुसरं उत्तर कधी मिळू शकलं असतं का, हे मी त्या दिवशी खडू हातात घेऊन पहिल्यांदा तपासलं. नसतं मिळालं. मी तशी सोय ठेवलीच नव्हती.

असो. थकवा आला की माणूस तत्त्वज्ञान करतो.

वर्गातली खरी बातमी रुक्मिणीबाईंची. त्यांचा मुलगा गोपाल सुरतेला साड्यांच्या छपाईत आहे. दोन दिवाळ्या झाल्या, घरी आला नाही. त्या दर रविवारी त्याला एकच निरोप पाठवतात, "कवा येतं बापा?" आणि तो लिहितो, पाहतो. वर्गात त्या म्हणाल्या, सर, मले असं लिहून द्या का तो येईनच.

याहून चांगलं उदाहरण मला कुठे मिळणार होतं? शब्द बदलले की उत्तर कसं बदलतं, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होणार होतं. आम्ही वर्गाने मिळून काम केलं. यंत्राला सांगितलं की आई एकटी आहे, मुलगा दूर आहे, पत्र वाचून त्याला निघावंसंच वाटलं पाहिजे. पहिला मजकूर गुळमुळीत आला. मी म्हणालो, त्याला सांगा, आई थेट काही मागत नाही, ती फक्त रिकाम्या घराबद्दल लिहिते. दुसरा मजकूर चांगला आला. मी आणखी एक फेरी केली: तब्येतीचा उल्लेख येऊ दे, पण आजाराचं नाव येऊ देऊ नको. तिसरा मजकूर रुपालीने मोठ्याने वाचला आणि दोन बायकांनी डोळे पुसले. रुक्मिणीबाई घाबरल्या. म्हणाल्या, माह्या तब्येतीले काय झालं? मी म्हणालो, काही नाही, ही वाक्यरचना आहे.

निरोप गेला. बघू.

सुवर्णा मात्र माझ्यावर नाराज आहे. कारण तुला माहीत आहे. परवा मी खामगावहून आलो, पायावर सूज होती, ती पाय दाबत बसली होती आणि एकदम म्हणाली, "अवो, साऱ्या गावाले इचाराले शिकोता. सोताच्या भावाले इचाराची पाळी आली त तोंडाले कुलूप?" मी झोप आल्यासारखं केलं.

तिला ठाऊक नाही, पण रुक्मिणीबाईंचं पत्र जमल्यावर मीही घरी एकांतात त्या यंत्राकडून एक पत्र लिहून घेतलं. तुला पाठवायला. फार चांगलं जमलं आहे. उतरवून काढायचं तेवढं राहिलं. गोपाल येतो का पाहतो, मग पाठवतो.

शंकरदादा

---

वरवट बकाल
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रसेनजित,

गोपाल आला.

निरोप मिळाल्यावर तो कारखान्यात कुणाला न सांगता निघाला. जी गाडी मिळाली तीत चढला, भुसावळला बदलली, शेगावला उतरून रिक्षाने आला. रस्त्याने आईला फोन लावत होता आणि ती उचलत नव्हती, कारण ती शेतात होती आणि फोन घरी चार्जिंगला होता. तू त्या प्रवासाचा विचार कर. मी रोज करतो. तो घरात शिरला तर घराला कडी. शेजारी म्हणाले, शेतात. तो शेतात पळत गेला आणि आई वांगी तोडत होती. गाणं म्हणत होती असं ती स्वतः सांगते.

ती आनंदाने त्याच्याकडे गेली. त्याने तिला आधी हात लावून पाहिलं, कपाळाला, हाताला. मग बांधावर जाऊन बसला.

त्याला नुकतंच एका मशीनवर मुख्य कारागीर केलं होतं. न सांगता गेला म्हणून मालकाने तिसऱ्याच दिवशी त्या मशीनवर दुसरा माणूस बसवला. आईला त्याने ते बोलूनही दाखवलं नाही. बुधवारी वर्ग सुरू असताना तो विहारात आला. चप्पल बाहेर काढली, पंचांग प्रणाम करतात तसा नाही पण हात जोडून मूर्तीला नमस्कार केला, आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी खुर्चीत होतो, हल्ली उभं राहून शिकवता येत नाही. मला वाटलं आता तो ओरडेल, आणि ओरडणाऱ्या माणसाला शांत करणं मला येतं. तो ओरडला नाही.

म्हणाला, "सर, माह्या मायनं 'ये' म्हटलं असतं त मी इचार केला असता. येतो म्हटलं असतं, नाहीतर संक्रांतीले येतो म्हटलं असतं. तुमच्या त्या कागदानं मले नाही म्हनाले जागाच ठेवली नाही."

"तू यावंस हीच तिची इच्छा होती," मी म्हणालो.

"हो ना. मंग माही इच्छा कोनं इचारली?"

एवढं बोलून तो गेला. रंगराव काहीतरी विनोद करायला तोंड उघडून बसला होता, त्याने ते मिटलं. रुपालीने टीव्ही बंद केला. चाळीस वर्षं मी व्यासपीठावर उभा आहे, मला उत्तर सुचलं नाही असं झालेलं नाही. त्या दिवशी सुचलं होतं, तीन-चार उत्तरं सुचली होती, एकाहून एक चोख. पण त्यातलं एकही त्याला द्यावंसं वाटलं नाही.

रुक्मिणीबाई आता वर्गाला येत नाहीत. गोपाल इथेच आहे, सकाळी वांग्यांची पोती संग्रामपूरच्या बाजारात नेतो. आई त्याला भाकरी बांधून देते आणि त्याच्या तोंडाकडे पाहत नाही. तिला हवं होतं ते मिळालं आहे. तिच्या दारावरून जाताना मी मान खाली घालून जातो.

आता ते दुसरं पत्र. ते तुला पाठवलं नाही, पण त्यात काय होतं ते सांगतो.

मी यंत्राला सांगितलं होतं: धाकट्या भावाने मला किडनी द्यावी म्हणून त्याचं मन वळवणारं पत्र लिही, त्याला नाही म्हणणं अशक्य व्हावं. शब्दशः असंच. त्याने लिहून दिलं आणि, प्रसेनजित, ते मीच लिहिल्यासारखं होतं. सुरुवातीला मागणं नाही. आधी आई. मग उपाशी लहानपण. मग 'मी तुझ्याकडून काही मागणार नाही' असं एक वाक्य, अगदी नेमक्या जागी. आपण दोघं पूर्णा नदीत पोहायचो, तू बुडत होतास आणि मी तुला ओढून काढलं, असंही त्यात होतं. मी त्याला तसं काही सांगितलं नव्हतं. आपण कधी पोहलो नाही, तुला आणि मला पोहता येतच नाही. त्याने मनाने ती नदी घातली, कारण पत्राला तिथे नदी हवी होती. आणि मी ते वाचलं, माझे डोळे भरून आले, आणि मी पुढे वाचत गेलो. जे झालंच नाही त्यासाठी रडलो. ते वाक्य काढून टाकावं हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तेही काढावं की ठेवावं यावर मी थोडा वेळ घालवला, हे तुला कळलेलं बरं.

ते तुला मिळालं असतं तर तू आला असतास. मला तुझा स्वभाव माहीत आहे. बाहेरून कोरडा दिसतोस, पण पहिला 'नाही' ओरडणारा मुलगा तूच. निघून आला असतास, तपासण्या केल्या असत्यास, ऑपरेशनच्या टेबलावर झोपला असतास, आणि मग केव्हातरी गोपालसारखा बांधावर बसला असतास.

पत्र पुसून टाकलं. सुवर्णाला सांगितलं. ती म्हणाली, आता काय करणार? मी म्हणालो, थकलो आहे, झोपतो.

शंकरदादा

---

वरवट बकाल
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रसेनजित,

जय भीम.

वर्ग सुरू आहे. माणसं कमी झाली, जी येतात ती टिकून येतात. आता मी त्यांना एवढंच सांगतो की आपल्या मनाविरुद्ध उत्तर येऊ शकेल असा प्रश्न घडवा, मग तो यंत्राला विचारा नाहीतर माणसाला. रंगरावाला ते पटत नाही. म्हणतो, आपल्या इरुद्ध उत्तर पायजे असतं त मी घरीच इचारलं असतं, बायको हायेच.

या आठवड्यात मी यंत्राला नव्याने विचारलं. या वेळी मन वळवायला सांगितलं नाही. विचारलं, किडनी देणाऱ्या माणसाला काय काय माहीत असायला हवं, त्याचं काय नुकसान होऊ शकतं, आणि मागणारा माणूस कोणत्या गोष्टी सांगायच्या टाळतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लांब होतं. ते सगळं कागदावर घेऊन शुक्रवारी डॉक्टरांपुढे ठेवलं. यंत्राचं एका ठिकाणी चुकलं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं. बाकीचं असं:

रक्तगट आणि इतर बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात. भाऊ आहे म्हणून जुळतीलच असं नाही. तू पन्नाशी ओलांडली आहेस, तुझ्या तपासणीत काही निघालं तर ते तुला आधीच नाही म्हणतील. जुळलं तर मोठं ऑपरेशन, काही आठवडे काम बंद, पुढे जन्मभर दरवर्षी तपासणी आणि रक्तदाबाकडे लक्ष. बहुतेक देणारे नीट जगतात, पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. बसवलेली किडनी माझ्या अंगात चालेलच याची खात्री कुणी देत नाही. चालली तरी ती माझ्या शेवटापर्यंत पुरेल असंही नाही. देणाऱ्याशी डॉक्टर एकांतात बोलतात, नातेवाइकांना बाहेर बसवून. टेबलावर जाईपर्यंत त्याला केव्हाही नको म्हणता येतं, आणि त्याने नको म्हटलं तर दवाखाना कारण बाहेर सांगत नाही. घरच्यांना 'जुळत नाही' एवढंच कळतं.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मागण्याशी संबंधित नाही. तूही लहानपणी इथल्याच विहिरीचं खारं पाणी प्यायला आहेस. माझं काहीही ठरो, तू तुझं रक्त तपासून घे. डॉक्टरांनीही हे वेगळं सांगितलं आहे.

माझ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर ते लपवल्यासारखं होईल. डायलिसिसवर माणसं वर्षानुवर्षं काढतात. आमच्यातला एक नांदुऱ्याचा शिंपी सहा वर्षं येतो आहे आणि अजून कपडे शिवतो. तेव्हा तू नाही म्हणालास म्हणजे तू मला मारलंस, असं नाही. तसं कुणी तुला म्हणालं, अगदी मीसुद्धा एखाद्या वाईट संध्याकाळी म्हणालो, तर ते खरं मानू नकोस. पण मला हे आवडत नाही. फार थकवा येतो. मला अजून बोलायचं आहे, उभं राहून. हे खरं आहे आणि हेही तुला माहीत असावं.

आणि तू हो म्हणालास, सगळं जुळलं, तुझी किडनी माझ्या पोटात बसली, तरी त्या पुढाऱ्याबद्दलचं आणि तू त्याच्याकडे केलेल्या नोकरीबद्दलचं माझं मत तेच राहील. सुवर्णा म्हणते हे लिहू नका. मी लिहितो आहे. त्या बदल्यात मी बदलेन असं समजून तू काही ठरवू नयेस.

हे पत्र मी तीन वेळा लिहिलं. पहिल्या दोन्हींमध्ये आई आपोआप आली. या तिसऱ्यात ती नाही.

आता विचारतो.

तुझी एक किडनी मला देशील का?

संक्रांतीपर्यंत कळव, किंवा त्यानंतर. हो असेल तर आधी तुझ्या घरी बोल, मग माझ्याशी. नाही असेल तर नुसतं 'नाही' लिही आणि पत्र टपालात टाक. कारण लिहू नकोस. कारण दिसलं की मी ते खोडून काढायला बसतो, आणि हा वाद मला तुझ्याशी जिंकायचा नाही.

तुझा
शंकरदादा